कॅसेटवरचं नाव आणि कडव्यातलं नाव

१९७८ ते १९९४ या सोळा वर्षांत मराठवाड्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. एकीची नोंद इतिहासात झाली, दुसरीची फारशी कुणी घेतली नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. पुढे लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले आणि अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही पहिली गोष्ट. नेमक्या याच वर्षांत टेपरेकॉर्डर नावाचं यंत्र मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर पोचलं आणि त्यासोबत मुंबईतल्या लहानमोठ्या कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी आल्या. ही दुसरी गोष्ट. आंदोलनाच्या सभा संपल्या की रात्री वस्तीत जे वाजायचं, ते या कॅसेटींतून.

तेव्हा आपलं हिंगोली परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण होतं. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव मिळून स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे कॅसेटींचा जमाना मावळतीला लागला तेव्हा. त्यामुळे या भागातल्या गाण्याचा कॅसेटकाळ म्हणजे नकाशावर जिल्हा उमटण्याच्या आधीचा काळ.

तबकडी कुणाची?

ध्वनिमुद्रित गाणं भारतात आलं ते एका परदेशी कंपनीच्या हातून. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात उतरला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवाव्या लागत. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. १९३१ साली लंडनमध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या दोन बड्या कंपन्या एक होऊन ईएमआय झाली. त्यामुळे आपल्याकडे दुकानात वेगवेगळ्या नावांच्या तबकड्या दिसत असल्या तरी बऱ्याच नावांमागचा मालक एकच होता. स्वदेशी प्रयत्नही झाले. कोलकात्यात १९३२च्या आसपास हिंदुस्थान आणि मेगाफोन निघाल्या, मुंबईत १९३५ पासून वीसेक वर्षं ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या निघत राहिल्या. तरीही दीर्घकाळ बाजारावर छाप राहिली ती भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याची, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीचीच.

एवढ्या मोठ्या कंपनीचं गणित सरळ होतं. तबकडी छापायला खर्च फार, म्हणून ज्याचं नाव आधीच झालेलं आहे त्याला आधी बोलवायचं. रेडिओवर स्वरचाचणीची चाळणी होती. पंढरपूरच्या वाटेवर गाणारा, तमाशाच्या फडात गाणारा किंवा जयंतीच्या मंडपात गाणारा गायक या दोन्ही दारांतून क्वचितच आत जाई. एचएमव्हीने कृष्णा शिंदे, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या तबकड्या काढल्या हे खरं, पण ग्रामोफोन वस्तीत कुणाकडे असणार? तो असे बाजारपेठेतल्या एखाद्या हॉटेलात, नाहीतर लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे. लग्न आणि जयंती सोडली तर त्या आवाजाची गाठ पडत नसे.

यंत्राच्या आधीचं गाणं

या गाण्याची परंपरा यंत्रावर अवलंबून नव्हती. सत्यशोधक जलशांच्या पावलावर पाऊल टाकत १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आपला जलसा घेऊन गावंच्या गावं पालथी घातली. तमाशातल्या गणाची जागा इथे बाबासाहेबांच्या वंदनाने घेतली, गवळणीच्या जागी अस्पृश्यतेवरचे प्रश्न आले आणि वगात पाणवठ्याची, शाळेची, सावकाराची कथा आली. आपली दहा भाषणं आणि जलसाकारांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही जयंतीच्या मंचावर सांगितली जाते.

या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव वामनदादा कर्डक यांचं. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस पोट भरायला मुंबईत आला आणि मोठेपणी अक्षरं शिकला. १९४३ साली पहिलं गीत रचलं आणि १५ मे २००४ रोजी मृत्यू येईपर्यंत ते रचत आणि गात राहिले. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजतात. मराठवाडा तर त्यांच्या पायाखालचा. झोळी खांद्यावर, मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी, आणि रात्री मंडपात दोन-तीन तास गाणं. श्रोते वहीत गाणी उतरवून घेत. त्या वह्या पुढच्या गायकांच्या हाती जात. वामनदादांचं बरंचसं गाणं लोकांपर्यंत पोचलं ते या वह्यांतून आणि दुसऱ्यांच्या गळ्यांतून.

कॅसेट आली

फिलिप्स कंपनीने कॅसेट जगापुढे ठेवली १९६३ मध्ये. आपल्याकडे तिची लाट आली ती १९७०च्या दशकाच्या अखेरीस, आयातीचे निर्बंध सैल झाल्यावर. आखातातून परतणारी माणसं टू-इन-वन घेऊन येऊ लागली. मग दिल्लीत गुलशन कुमार यांची टी-सीरिज उभी राहिली, आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या पळवाटेचा आधार घेत जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकू लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हा ग्रंथ लिहिला तो याच उलथापालथीवर. दहा-बारा वर्षांत एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि देशभर शेकडो छोट्या कंपन्या उगवल्या, हे त्यात तपशिलाने येतं.

मुंबईतही तेच झालं. व्हीनससारख्या मोठ्या झालेल्या कंपन्यांबरोबर विंग्ज, सुमीत, कृणाल अशी नावं दुकानातल्या फळ्यांवर दिसू लागली. त्यांचा माल ठरलेला: भक्तिगीतं, लोकगीतं, कोळीगीतं, लावणी, लग्नाची गाणी आणि भीमगीतं. धंद्याची रीतही ठरलेली. स्टुडिओ तासावर घ्यायचा. ढोलकी, तबला, हार्मोनियम, बेंजो, क्लॅरिनेट, पुढे कीबोर्ड. चार-सहा जणांचा कोरस. एका बाजूला चार गाणी, दुसऱ्या बाजूला चार. कवीला आणि गायकाला एकरकमी पैसे देऊन सही घ्यायची. मूळ टेपवरून प्रती काढणारी यंत्रं एका दमात ढीग पाडत. प्लॅस्टिकच्या डबीत रंगीत कागद सरकवला की माल तयार. त्या कागदावर निळ्या कोटातले बाबासाहेब, मागे अशोकचक्र नाहीतर बुद्धमूर्ती, खालच्या कोपऱ्यात गायकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि कंपनीचं चिन्ह. आत घडी उलगडली की गाण्यांची यादी. कवीचं नाव असलं तर बारीक टायपात, आणि पुष्कळदा तेही नाही.

खर्च इतका उतरला की पाच हजार माणसांनी विकत घेतलं तरी भागेल असं गाणं काढणं शक्य झालं. मोठ्या कंपनीला जे परवडत नव्हतं ते लहान कंपनीला परवडू लागलं, आणि या व्यवहारातून मराठीत एक नवा गायकवर्ग तयार झाला.

एकच आवाज, दोन भोंगे

या वर्गाचा मेरुमणी प्रल्हाद शिंदे. त्यांच्या आवाजाला कव्वालीची फेक होती. वरच्या पट्टीत गेला तरी शब्द फाटत नसे. दत्ता पाटील यांचे शब्द, मधुकर पाठक यांचं संगीत आणि प्रल्हाद शिंदे यांचा गळा, या त्रयीच्या ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ने त्यांना घरोघरी नेलं. सत्यनारायणाची कथाही त्यांनीच गायली आणि भीमगीतंही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत सकाळी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून विठ्ठलाचं गाणं यायचं आणि संध्याकाळी बुद्धविहारावरच्या भोंग्यातून बाबासाहेबांचं, आणि दोन्हीकडे गळा एकच. पाणवठ्यावरून भांडलेल्या गावाच्या दोन टोकांना हा एक माणूस चालत होता, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. २३ जून २००४ रोजी ते गेले. वामनदादा गेले त्याला तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते.

त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद शिंदे हे खरे कॅसेटयुगाचे नायक. १९८०च्या दशकात आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’ने वरातींचा ताबा घेतला. लेखणी मानवेल गायकवाड यांची, चाल विठ्ठल शिंदे यांची. नाकं मुरडणारे पुष्कळ होते, पण त्या गाण्याच्या खपावर कंपन्या तगल्या, आणि त्याच आनंद शिंदे यांच्या भीमगीतांच्या कॅसेटी दर एप्रिलमध्ये निघू शकल्या.

विठ्ठल उमप यांची वाट थोडी निराळी. शाहिरी, भारूड, गवळण, कव्वाली, भीमगीत असं सगळं त्यांच्या पोतडीत होतं, आणि आकाशवाणी, रंगभूमी, चित्रपट या सगळीकडे त्यांचा वावर होता. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात, मंचावर असतानाच त्यांचा अंत झाला. श्रावण यशवंते, सुषमादेवी, शकुंतला जाधव ही नावंही या कॅसेटींवर पुनःपुन्हा दिसतात. खप पाहून सुरेश वाडकर, उत्तरा केळकर यांच्यासारखे चित्रपटसृष्टीतले गायकही भीमगीतं गाऊ लागले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या गाण्याला स्टुडिओचं दार उघडत नव्हतं, त्याच्यासाठी आता स्टुडिओच्या तारखा अडवून ठेवल्या जात.

दुकान नव्हे, दिनदर्शिका

या कॅसेटी खपत कुठे? शहरातल्या चकचकीत दुकानांत त्या मागच्या फळीवर असत. रेडिओवर त्यांची जाहिरात नव्हती, वर्तमानपत्रांत परीक्षण येत नसे. त्यांची वितरणव्यवस्था म्हणजे वर्षाचे ठरलेले दिवस. १ जानेवारीला भीमा कोरेगाव. १४ एप्रिलची जयंती. विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी. ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. आणि १९९४ नंतर १४ जानेवारीला औरंगाबादेत विद्यापीठाचं प्रवेशद्वार. या प्रत्येक ठिकाणी पुस्तकांच्या, बिल्ल्यांच्या, मूर्तींच्या दुकानांशेजारी कॅसेटींचे ठेले लागत. प्रत्येक ठेल्यावर वेगळं गाणं वाजत असे आणि गिऱ्हाईक त्या गलबल्यात उभं राहून, कान देऊन निवडत असे. नवं गाणं चालणार की नाही हे कंपनीला त्या एका दिवसात कळे. परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत एक दिनदर्शिका, एक-दोन पुस्तिका आणि दोन-चार कॅसेटी असत.

वारकरी गाण्यांचंही तसंच. आषाढीला पंढरपूर, कार्तिकीला आळंदी, आणि आपल्या भागात महाशिवरात्रीला औंढा नागनाथ. माणसं जिथे जमतात तिथे माल न्यायचा, एवढंच कंपन्यांना कळलं होतं.

हिंगोलीला तर दसऱ्याला दोन वाटा फुटत. शहरातला सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना, खाकीबाबा मठाच्या परंपरेतून आलेला; रामलीला मैदानावर रामलीला, प्रदर्शन, रावणदहन. तालुक्यातली गर्दी तिकडे लोटे. त्याच दिवसांत निळे झेंडे लावलेल्या जीपा आणि अकोल्याकडे जाणारी गाडी माणसांनी भरून नागपूरच्या दिशेने निघत. ज्यांना नागपूरला जाणं जमत नसे ते गावातल्याच एखाद्या ‘रेकॉर्डिंग सेंटर’वर कोरी कॅसेट नेऊन देत आणि दुसऱ्याच्या कॅसेटवरची गाणी भरून घेत. कंपनीच्या दृष्टीने ही चोरी. पण अनेक गावांत मूळ कॅसेट एकच आणि तिच्या भरून घेतलेल्या प्रती वीस, हा खरा हिशोब होता. गाण्याचा प्रसार या भरून घेतलेल्या प्रतींनीच जास्त केला.

१९८०च्या दशकात फिलिपिन्सची राजधानी मनिला इथेही छोट्या कंपन्यांच्या कॅसेटींचा असाच प्रकार चालू होता. मार्कोसची हुकूमशाही डगमगत असताना, १९८५ साली टॉमी टॅनचांको या तरुणाने ‘ट्विस्टेड रेड क्रॉस’ नावाची छोटी कंपनी काढली आणि द बिट्रेड, अर्बन बँडिट्स, द वड्स, डेड एंड्स अशा पंक वाद्यवृंदांच्या कॅसेटी विकायला सुरुवात केली. चार-पाच वर्षांत ती बंदही झाली. मनिलाच्या पोरांचं गाणं आणि मराठवाड्यातलं भीमगीत यांच्यात सुरांचं नातं काहीच नाही. दोन्हीकडे स्वस्त फीत हाती आली आणि ज्यांना मोठी कंपनी विचारत नव्हती त्यांनी ती वापरली, एवढं साम्य मात्र पुरेसं बोलकं आहे.

नाममुद्रेचा कायदा

आता हक्काचा प्रश्न. एकरकमी पैसे देऊन सही घेतली की गाणं कंपनीचं. पुढे कॅसेट लाखभर खपली तरी कवीला दमडी नाही. वामनदादांची गाणी तर त्यांना न विचारता कितीजणांनी गायली आणि मुद्रित केली. कायद्यात कवीचा हक्क होता, पण वही हातात घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसाने मुंबईच्या कोर्टात जायचं कधी?

मात्र या परंपरेकडे स्वतःचा एक जुना कायदा होता: शेवटच्या कडव्यात कवीचं नाव. वामनदादा आपल्या गाण्याच्या अखेरीस ‘वामन’ गुंफून ठेवत. गायक बदलला, चाल बदलली, कॅसेटच्या कागदावरून नाव गळालं, तरी गाणं शेवटाला आलं की कवी हजर. या कायद्याचा उगम शोधायला हिंगोलीकराला लांब जावं लागत नाही. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात आहे. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा सातशे वर्षं वाऱ्यांतून, दिंड्यांतून, थेट पंजाबात गुरू ग्रंथसाहिबातल्या एकसष्ट पदांपर्यंत टिकली. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर स्वतःला नामयाची दासी म्हणवून आपल्या मुद्रेत नामदेवांचंही नाव वागवलं. छापखाना नव्हता, प्रकाशक नव्हता, तरी कवी हरवला नाही.

हा कायदा निर्दोष नाही, हेही नामदेवांच्याच गाथेवरून दिसतं. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीची रचना नामदेवांच्या रचनेत मिसळली आणि ती वेगळी काढता काढता अभ्यासकांची दमछाक झाली. भीमगीतांतही तेच होतंय. एखादा गायक शेवटचं कडवंच गाळतो, एखादा ‘वामन’च्या जागी मात्रा जुळवून स्वतःचं नाव बसवतो. गाणं तीन-चार मिनिटांत बसवायचं म्हणून कडवी कापली की पहिली कुऱ्हाड पडते ती शेवटच्या कडव्यावर, म्हणजेच कवीवर. कॅसेटने गाणं घरोघरी नेलं आणि कवीला मात्र वाटेत उतरवलं, असा हा दुहेरी हिशोब आहे.

फीत संपली

२०००च्या सुमारास एमपीथ्रीची चकती आली. एका चकतीत शंभर-दीडशे गाणी, त्यामुळे आठ गाण्यांची कॅसेट कोण घेणार? ठेल्यांवर आधी चकत्या आल्या, मग मोबाइलच्या कार्डात गाणी भरून देणारी दुकानं, आणि मग तीही गेली. काही कंपन्यांनी आपला साठा यूट्यूबवर चढवला, काही नुसत्याच मिटल्या.

गाणारे मात्र थांबले नाहीत. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवलं. त्यांच्या गाण्यापासून सुरुवात करून आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट केला. शाहीर संभाजी भगत रंगभूमीकडे वळले. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने जालन्याच्या शेतकरी नटांना महाराष्ट्रभर नेलं. औरंगाबादच्या कडुबाई खरात हातात एकतारी घेऊन गायल्या, कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि ते गाणं लाखोंनी ऐकलं. ना स्टुडिओ, ना कंपनी. जलशापासून कॅसेटपर्यंत आणि कॅसेटपासून मोबाइलपर्यंत मधला माणूस हळूहळू गळत गेला.

मधला माणूस गेला याचा आनंद आहे, पण त्याच्याबरोबर त्याचं दप्तरही गेलं, ही अडचण आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या याद्या संग्राहकांनी चिकाटीने केल्या. त्यामुळे १९०५ साली कोण काय गायलं हे आज सांगता येतं. १९८५ साली मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत कुणी ढोलकी वाजवली, गाणं कुणाचं होतं, मूळ कडवी किती होती, हे सांगणं त्याहून अवघड होऊन बसलंय. विद्यापीठाच्या नावासाठी झालेल्या लढ्याची गाणी याच कॅसेटींवर होती. गावोगावच्या कपाटांतल्या उरल्यासुरल्या डब्या आणि श्रोत्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर गाळलेली कडवी पुन्हा जागेवर बसवता येतील. हे काम करायला फार पैसे लागत नाहीत, पण वेळ थोडा उरलाय: फितीवरचा चुंबकीय थर झडतोय आणि वह्या लिहिणारी पिढी सत्तरीपार गेलीय. वामनदादांच्या गाण्यात वामन परत आणायचे असतील, तर या पिढीच्या घरी आत्ताच जायला हवं.